हळू वाजव ना बे!

ऑफिसच्या प्रत्येक फ्लोअरवर एक तरी गिटारवाला असतो. बघा आठवून. त्याच्या फ्लॅटवर हॉलच्या कोपऱ्यात गिटार भिंतीला टेकून उभी असते, तिच्यावर धुळीचा सभ्यसा थर असतो आणि पार्टीत रात्री अकरानंतर कुणीतरी ती त्याच्या हातात कोंबतं. मग येतो डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा तो जगप्रसिद्ध तुकडा. १९७२ सालच्या 'मशीन हेड' अल्बममधला. सगळे माना डोलावतात. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "बॉस, आता ते फास्टवालं वाजव ना!" आणि साहेबांना अचानक पाणी प्यायचं असतं.

हा आठवडा त्या पाणी पिणाऱ्यांसाठी.

आधी शब्दांचा घोळ मिटवून टाकू. रिफ म्हणजे गाणं ज्याच्यावर उभं असतं तो पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा धरतात ना, फिरून फिरून तोच? ते काम. लिक म्हणजे सोलो वाजवताना मध्येच टाकलेली हरकत, तानेचा एक तुकडा म्हणा. रिफ ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहतो, लिक वाजवणाऱ्याच्या इगोत. 'कर्ज' (१९८०) मधली ती गिटारची धून आजही रिक्षावाल्यापासून सीईओपर्यंत सगळे गुणगुणतात. त्याच सिनेमातला एखादा फास्ट तुकडा गुणगुणून दाखवा बरं!

तरी हात वळतो तो फास्टकडेच. त्याचा हिशोब सरळ आहे. मेट्रोनोम १२० वर लावला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, आणि एका ठोक्यात चार स्वर वाजवले, तर सेकंदाला आठ स्वर होतात. आठ! 'वन मिसिसिपी' म्हणेपर्यंत आठ वेळा डावं बोट पडलं पाहिजे आणि आठ वेळा उजव्या हातातली पिक तारेवरून गेली पाहिजे, आणि दोन्ही एकाच क्षणी. दोन हातांत जरा फट पडली की जे ऐकू येतं त्याला गिटार म्हणत नाहीत, त्याला कुकरखालची वाटी म्हणतात. १९७८ साली एडी व्हॅन हेलनचा 'इरप्शन' नावाचा १ मिनिट ४२ सेकंदांचा तुकडा बाजारात आला आणि त्याने जगभरच्या पोरांची झोप उडवली. त्या काळातली पोरं रेकॉर्ड प्लेअर अर्ध्या वेगावर लावून सोलो शिकायची. अर्ध्या वेगात सगळे स्वर एक सप्तक खाली उतरतात, त्यामुळे व्हॅन हेलनच्या जागी म्हैस ऐकू यायची, पण बोटं कळायची. आपल्याला यूट्यूबवर ०.५ चं बटण आहे, आणि स्वरही खाली उतरत नाही. ऐश आहे आपली.

एवढी ऐश असून मी दोन वर्षं ९० च्या पुढे सरकत नव्हतो. नोकरी नागपूरला मिहानमध्ये, घर यवतमाळला, मधले दीडशे किलोमीटर शनिवार-रविवारचे. गिटार गाडीच्या मागच्या सीटवर. यूट्यूबवर हजार गुरू केले. शेवटी जमवून आणलं ते यवतमाळच्या एका काकांनी, ज्यांनी आयुष्यात गिटार हातात धरलेली नाही.

काका बेंजो वाजवतात. बेंजो म्हटल्यावर अमेरिकन काऊबॉय डोळ्यासमोर आणू नका. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. लाकडी पेटीवर तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. मूळ वाद्य जपानी, १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झालेलं. तिथून ते आपल्याकडे कव्वालीत शिरलं, गणपतीच्या मिरवणुकीत शिरलं आणि विदर्भात भीमगीतांच्या पार्ट्यांमध्ये तर असं रुजलं, की पिकअप लावलेल्या बेंजोची ती टणटणीत धार स्पीकरमधून आली की दोन गल्ल्या पलीकडे कळतं, प्रोग्राम सुरू झाला. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी ज्या गावांनी पिढ्यान् पिढ्या ऐकली, तिथे ढोलकीइतकाच हा आवाज ओळखीचा आहे. काका एका पार्टीत पस्तीस वर्षं वाजवतायत. दिवसा शिलाई मशीन, रात्री बेंजो. त्यांच्या मुलाची आणि माझी शाळेपासूनची दोस्ती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यांच्या अंगणात मी बसलो आणि माझी लाडकी लिक वाजवून दाखवली. ए मायनर पेंटॅटॉनिक, ज्यावर रॉक आणि ब्लूजचं निम्मं जग चालतं. काका ऐकून म्हणाले, "हे तं धानी हाये." मी घरी येऊन तपासलं. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. शंभर टक्के धानी! त्यात तीव्र मध्यम मिसळला की झाला ब्लूज स्केल. मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे आपला भूप. ज्या स्केलचे फोटोकॉपी केलेले चार्ट मी भिंतीवर चिकटवले होते, ते काकांना नाव-गावासकट पाठ होते.

दुसरं वाक्य मात्र लागलं. "कायची एवढी घाई हाये बे तुले? गाडी सुटून राह्यली का? हळू वाजव ना बे!"

गाडीवरून आठवलं. काका मूळचे दारव्ह्याचे. लहानपणी शकुंतलेने यवतमाळला यायचे. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेलवर, आणि आता बंदच आहे. चालत्या गाडीतून उतरून लोक परत चढायचे म्हणतात, आणि यात अतिशयोक्ती फार नाही. याच सुस्त गाडीच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तिजापूरला, १९२० साली वसंतराव देशपांडे जन्मले. ज्यांची तान कुठून निघेल आणि कुठे उतरेल याचा अंदाज भल्याभल्यांना यायचा नाही, ते वसंतराव! आणि आपल्यासारख्या नऊ ते सहावाल्यांनी एक गोष्ट लिहून ठेवा: चाळिशी ओलांडेपर्यंत हा माणूस मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होता. 'वेळच मिळत नाही रे' हे पुढच्या वेळी म्हणताना जरा आवाज खाली ठेवा.

तर हळू. मी ६० वर आलो. ठोक्याला चार, म्हणजे सेकंदाला चार. बोअर होतं, खोटं कशाला सांगू. पण हळू वाजवताना पहिल्यांदा दिसलं की माझा उजवा खांदा कानापाशी जातोय. काका म्हणाले, "हात किती आवळून धरला. लाकडं फोडून राह्यला का?" वेगाचा शत्रू कमजोर स्नायू नसतो, आवळलेला स्नायू असतो. एक स्नायू बोट खाली नेतो, दुसरा वर आणतो. दोघंही एकदम ताणले तर हँडब्रेक ओढून ॲक्सिलरेटर दाबल्यासारखं होतं. डाव्या हातालाही तेच. तार किती दाबायची? स्वर स्वच्छ वाजेल इतकीच. करून बघा: तारेवर बोट नुसतं टेकवा आणि हळूहळू दाब वाढवा, जिथे खरखर संपून स्वर लागतो तिथे थांबा. मी त्याच्या तिप्पट दाबत होतो. तिथून पुढे बोटाला पडणारे घट्टे निम्मे झाले.

मात्र 'हळू वाजव, वेग आपोआप येतो' हे वाक्य मला अर्धंच पटलं, आणि काकांचं वाजवणं नीट पाहिल्यावर कळलं की ते स्वतःही अर्धंच पाळतात. ते रियाजाला बसतात तेव्हा तोच पीस आधी ठाय लयीत, मग दुगुनीत. नंतर मधूनच चार-पाच स्वरांचा एक तुकडा पूर्ण वेगात फेकतात आणि समेवर थांबतात. श्वास घेतात. परत तुकडा. हे थांबणं महत्त्वाचं. पाच स्वर सगळेच फास्ट वाजवू शकतात. पन्नास वाजवायला हातात दम राहत नाही. म्हणून पाच पाचचे डबे पूर्ण वेगात घट्ट करायचे आणि मग एकमेकांना जोडायचे. मेंदूलाही ते सोयीचं असतं, त्याला पाच स्वर म्हणजे एकच हुकूम वाटतो. आपण फोन नंबर नाही का डबे पाडून लक्षात ठेवत? मेट्रोनोमवर रोज दोन-दोन ठोके वाढवत जाणाऱ्या शिडीवर मी दोन वर्षं अडकलो होतो. या तुकड्यांनी पंधरा दिवसांत १०० दाखवलं.

आता एक टेक्निकल भानगड, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद घ्या. बेंजोवर सगळा खेळ एका जागी चालतो. उजवा हात त्याच तारांवर 'दा रा दा रा' करत राहतो, सतारवाले-सरोदवाले करतात तसा, आणि डावा हात बटणांवर पळतो. गिटारला सहा तारा. एका तारेवरून दुसरीवर जाताना पिकला उडी मारावी लागते आणि बहुतेकांचा वेग या उडीतच मरतो. खाली, वर, असे दोन स्वर जाड तारेवर वाजवले. 'वर'च्या शेवटी पिक त्या तारेच्या वरच्या बाजूला आली. पुढची तार तर खाली आहे. म्हणजे मधली तार ओलांडायची. पिक जरा तिरकी धरली, तर 'वर'चा फटका मारतानाच ती तारांच्या जाळ्यातून अलगद बाहेर येते आणि हवेतून पुढे जाते. ट्रॉय ग्रेडी नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने मोठमोठ्या वादकांचे उजवे हात अगदी जवळून शूट करून हे उलगडलं. त्याला दिसलं की १९८४ च्या 'रायझिंग फोर्स'वाला स्वीडनचा इंग्वी माल्मस्टीन स्वरांत खाली येताना बहुतेक वेळा एका तारेवर सम संख्येतच स्वर पिकने छेडतो, म्हणजे तार सोडताना शेवटचा फटका कायम 'वर'चाच येतो. लोकांना जी दैवी देणगी वाटत होती, तिच्यात एवढं साधं गणितही होतं. पेंटॅटॉनिकमध्ये तारेवर दोनच स्वर येतात, त्यामुळे ते गणित आयतंच जमतं.

हे सगळं मी हौस म्हणून करत होतो. मार्चमध्ये प्रकरण सीरियस झालं.

काकांच्या डाव्या हाताची अनामिका अडकायला लागली. बोट दुमडलं की तिथेच राहायचं आणि सरळ करताना 'टक्' करून सुटायचं. डॉक्टरांनी सांगितलं, ट्रिगर फिंगर. बोटाची शिर ज्या नळीतून सरकते ती जाड होते आणि शिर अडकते. आधी इंजेक्शन, नाही जमलं तर छोटं ऑपरेशन. काका म्हणाले, एप्रिलनंतर बघू. कारण एप्रिल म्हणजे सीझन. १३ च्या रात्री बारापासून बाबासाहेबांची जयंती सुरू होते आणि पुढे महिनाभर गावोगावी प्रोग्राम. वर्षाच्या बिदागीचा मोठा हिस्सा या एका महिन्यात येतो.

पार्टीतल्या काही जणांचं म्हणणं वेगळं होतं. कीबोर्डवर बेंजोचा टोन निघतो, एक पोरगा तयार आहे, काकांनी यंदा आराम करावा. प्रेमानेच म्हणाले, पण यात 'यंदा' या शब्दाला काही अर्थ नसतो हे काकांना माहीत होतं. एकदा कीबोर्ड बसला की बेंजोची खुर्ची परत मांडत नाहीत. अंगणात बसून ते बोटाला बामाने चोळत होते आणि म्हणाले, "तीन बोटाइनं साधे पीस जमतात मले. फास्टवाले चार हायेत. ते तू घे."

मी? गिटारवर? केरव्यात? ढोलकीवाला लग्गीला लागला की १३२ च्या खाली येत नाही! सेकंदाला पावणेनऊ स्वर. आणि हातात पाच आठवडे.

त्या पाच आठवड्यांत माझं जिम बंद, वेब सिरीज बंद. रात्री साडेनऊ ते सव्वादहा गिटार, कारण त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्याने छत वाजवायच्या, तेही तालात नाही. पहिला पीस मी एकाच तारेवर बसवला, बेंजोसारखा, हात वर-खाली सरकवत. आवाजही जवळ आला. दुसरा आणि तिसरा दोन तारांवर. चौथा काही केल्या ११६ च्या पुढे जाईना. एका रविवारी हट्टाने दोन तास घासला आणि सोमवारी कोपरापासून मनगटापर्यंत ठणका. काका फोनवर भडकले. "बोट थकलं तं चालते, दुखलं तं थांब. माह्या बोटाचं पाह्यलं ना?" कुणाही डॉक्टरने याहून वेगळं सांगितलं नसतं. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे मॉनिटरवर चिकटवावं. थकवा रात्रीत जातो. जे दुखणं सकाळीही शिल्लक असतं, त्याला रियाज म्हणू नये.

१३ एप्रिलची रात्र. दिवसभराचं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन अजून स्टेजच्या लोखंडात होतं. गरम झाली की पोलादी तार सैल पडते आणि स्वर उतरतो. मी दर दोन गाण्यांनी ट्यूनर लावत होतो, काका नुसत्या कानाने बेंजो मिळवून मोकळे. समोर निळे झेंडे, पुढे बायका-पोरं, मागे मोटरसायकलींवर बसलेले पोट्टे. बारा वाजता फटाके आणि 'जय भीम'चा जो आवाज झाला, त्यात मला माझा ॲम्प्लिफायर सुरू आहे की बंद हेही कळेना.

पहिला पीस आला. मी डोळे मिटून वाजवला. बरोबर समेवर उतरलो, आणि ढोलकीवाल्याने माझ्याकडे न बघता मान हलवली. बॉस, आजवरच्या कुठल्याही अप्रेझलमध्ये इतका आनंद झालेला नाही. दुसरा ठीक. तिसऱ्यात मधले दोन स्वर पडले, पण शेवटची तिहाई सापडली. आणि गंमत बघा, तिहाई सापडली की लोकांना मधलं काहीच आठवत नाही. काका बाजूला तीन बोटांनी गाण्याची ओळ सांभाळत होते.

चौथ्याच्या आधी ढोलकी चढली. मला कळलं, हे १३२ नाहीये, हे १४० असेल. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी हातानेच 'राहू दे' केलं आणि बेंजो पुढे ओढला. अनामिका सरळ बाहेर, वापरायचीच नाही, असं ठरवून तर्जनी, मधलं बोट आणि करंगळीवर त्यांनी तो पीस काढला. काही स्वर गाळले. कुठले गाळायचे हे त्यांना इतकं नेमकं ठाऊक होतं की ऐकणाऱ्याला पूर्ण पीस ऐकल्यासारखा वाटला. मी नुसता खालचा सा धरून ठोका देत राहिलो, लेहऱ्यासारखा. माझ्याकडून त्या रात्री गेलेली सगळ्यात बरी गोष्ट तीच असावी. मागचे पोट्टे उभे राहून ओरडत होते.

त्या महिन्यात पार्टीचे जितके प्रोग्राम शनिवार-रविवारी आले, तितक्यांना मी गेलो. बाकीच्यांना कीबोर्डवाला पोरगा होता. वाजवतो चांगला, उगाच नावं ठेवणार नाही. पण बेंजोची खुर्ची जागेवर राहिली, तो तिच्या पलीकडे बसला.

मे महिन्यात काकांच्या बोटाचं ऑपरेशन झालं. तेवढीच जागा बधिर करून, छोटा काप. दुपारी घरी. टाके निघाल्यावर बोट रोज दुमडायचं-उघडायचं, वजन उचलायचं नाही. बेंजो काही आठवडे बंद. या काळात ते माझे पीस फोनवर ऐकायचे आणि एकेका स्वराला शिव्या घालायचे. चौथा आता १२४ ला स्वच्छ येतो. १२८ ला येतो असं मी म्हणतो, ते म्हणतात येत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. वहीचं पान, पेन्सिलीने लिहिलेली सरगम, कोपऱ्यात शिलाईच्या मापांचे आकडे. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुपारी आली आहे. नवे तीन पीस. खाली लिहिलं होतं, पहिले दोन मी वाजवतो, तिसरा तुझा. तिसरा मी ६० वर लावून पाहिला. साठवरही फास्ट आहे.